कचराळीच्या तिसऱ्या फेरीत

मोहिल्यांची अवनी विचारते,
"मावशी, तिथे राहणं कसं असतं?"
ब्राउनश्वाइगहून पत्र आलंय तिला.
सप्टेंबरात निघायचं. बॅगा आताच उघड्या पडल्यात हॉलमध्ये.
तलावाकाठी हास्यक्लबवाले
हात वर करून ठरल्या वेळी हसतायत.

काय सांगू?

गाव मोठं नाही. लहानही नाही.
मुंबईचे लोक ठाण्याला म्हणतात ना,
"बरंय हो तुमचं, तलाव आहेत,"
तसं हॅनोवरचे लोक त्याला म्हणतात.
तलाव नाहीत, नदी आहे,
जुन्या गावाभोवती कंबरपट्ट्यासारखी.
तिच्याकाठी माणसं अशीच गोल फिरतात,
फक्त मागून गाठून कुणी विचारत नाही
भाचीचं जमलं का.
पहिलं वर्षभर मला ते फार आवडलं.
दुसऱ्या वर्षी मी भाचीचं
स्वतःलाच सांगत चालायचे.

तिथे फ्लॅटला नंबर नसतो, अवनी.
बेलवर नाव हवं, नाहीतर पत्र परत जातं.
मी म्हसकर लिहिलं. पोस्टमन म्हणायचा, फ्राउ मास्कर.
सहा वर्षं मी ओ दिली.

डिसेंबरात चारला दिवे लागतात.
आईला फोन करावा, तर इकडे साडेआठ,
तिचा भात उतरलेला,
"जेवलीस का?" म्हणायची.
मी हो म्हणायचे.
दुपार की रात्र, मलाच नीट कळायचं नाही.

काम सुटण्याच्या वेळेला त्यांच्याकडे एक शब्द आहे,
त्यात सणही आहे आणि संध्याकाळही.
तो ऐकला की माणसं खरोखर उठतात, कोट घालतात.
इथे मला तो शब्द घोडबंदरला आठवतो,
रात्री पावणेनऊला,
पुढच्या टेम्पोच्या मागच्या दिव्यांकडे बघताना.

आणि रविवार.
रविवारी गाव मिटतं.
काचेची बाटलीसुद्धा डब्यात टाकायची नाही, आवाज होतो.
पहिल्याच रविवारी घरातलं मीठ संपलं.
समोर फ्राउ ब्रिंकमान राहायच्या.
त्यांच्या दाराशी मी दहा मिनिटं उभी होते,
वाक्य जुळवत,
मीठ पुल्लिंगी की स्त्रीलिंगी, की तिसरंच काही.
मग परत आले.
अळणी खिचडी खाल्ली.

कुकरचंही सांगते.
शिट्टी व्हायच्या आत मी गॅस बारीक करायचे,
खिडकी लावायचे, पंखा मोठा करायचे,
चोरासारखी वरणभात शिजवायचे.
चौथ्या वर्षी तापाने पडले.
तिसऱ्या दिवशी बेल वाजली.
दारात फ्राउ ब्रिंकमान, हातात सूपचं पातेलं,
चेहऱ्यावर जराही हसू नाही.
म्हणाल्या, "दोन दिवस तुमची शिट्टी नाही.
मी त्यावर माझे बटाटे टाकते."

मी दार धरून उभी राहिले.
चार वर्षं.
चार वर्षं त्या ऐकत होत्या.

आता पाचपाखाडीत सकाळी साडेदहाला
साऱ्या इमारतीच्या शिट्ट्या एकदम होतात,
माझी कुठली, मलाच ओळखू येत नाही.
रविवारी नऊच्या आत मिक्सर लावत नाही मी अजून.
सून हसते. हसू दे.
तीन हात नाक्यावर लाल दिव्यापाशी थांबते
तर मागचा रिक्षावाला
मला आजारी समजतो.

अवनी गप्प आहे.
तिला बहुधा थंडीचं, पगाराचं, भाड्याचं हवं होतं.
तलावाला वळसा घालून आपण पुन्हा
त्याच चाफ्याशी आलोय,
हास्यक्लब आता चटया गुंडाळतोय, गंभीरपणे.

"अजून काही, मावशी? काय घेऊन जाऊ?"

"मीठ ने. किलोभर."

"मीठ? तिथे मीठ मिळत नाही?"

"मिळतं की.
सोमवारी."